पेज फॉल्टचा तोच कोड तीन आर्किटेक्चरमध्ये तीनदा लिहिलाय, एकत्र कसा करू?

नाशिकच्या तुमच्या अभ्यासगटाच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) एक्स८६, आर्म६४ आणि रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-प्रकारांचे हँडलर (पेज फॉल्ट, म्हणजे मेमरीतला पत्ता वापरता न येणं, हाताळणारा कोड) जवळपास सारखे आहेत, हे खरं. पण सरसकट एकत्र करू नका. पत्ता आणि कारण वाचणं आर्किटेक्चरकडेच ठेवा: एक्स८६ वर सीआर२ (फॉल्टचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) व एरर कोड, आर्म६४ वर तसेच एफएआर व ईएसआर, रिस्क-फाइव्हवर एसटीव्हॅल व एसकॉज (कारणाचा आकडा: १२ इन्स्ट्रक्शन, १३ लोड, १५ स्टोअर). इंटरप्ट सुरू करण्याआधीच वाचा, नाहीतर मधे आलेला दुसरा फॉल्ट सीआर२ बदलून टाकतो. त्यातून रीड, राइट, एक्झिक्यूट, यूजर असे सामाईक फ्लॅग बनवा. आर्म६४ वर हमखास फसगत होते: कॅशे मेंटेनन्सच्या फॉल्टलाही राइटचा बिट ६ लागतो, म्हणून बिट ८ सुद्धा तपासा.

लॉक (मेमरीच्या नकाशावरचं कुलूप), व्हीएमए (पत्ता ज्या मेमरी-पट्ट्यात येतो त्याची नोंद) शोधणं, स्टॅक वाढवणं आणि रीट्राय (फॉल्ट पुन्हा हाताळून पाहणं) हे सामाईक फंक्शनमध्ये हलवा. लिनक्सनेही २०२३ मध्ये ६.५ आवृत्तीत लॉक-आणि-शोध असाच एकत्र केला.

खरी गोची लॉकची. लिनक्सच्या धाटणीने रीट्राय परत आला, तर लॉक आधीच सुटलेलं असतं. हँडलरने पुन्हा सोडलं की कर्नल कोसळलाच. कर्नल मोडमधल्या फॉल्टला आधी ट्रायलॉक (न थांबता लॉक मिळतं का पाहणं) करा. ते फसलं आणि एक्सेप्शन टेबलात (फॉल्ट येणं अपेक्षित असलेल्या कर्नल-सूचनांच्या यादीत) नोंद नसेल, तर थांबू नका, सरळ ऊप्स (कर्नलचा चूक-अहवाल) द्या. नाहीतर डेडलॉकमध्ये (लॉकची कायमची वाट पाहण्यात) मूळ बग दिसणारच नाही.