पाच आठवडे झाले, आता घसा दाखवून या

पत्र : ताई, मी नौपाड्यात राहते, वय ४८. पाच आठवड्यांपूर्वी पूर्ण भूल देऊन दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. बोलताना काही जाणवत नाही, पण गायला बसले की पंचमाच्या वर नुसती हवा येते. सासूबाई म्हणतात ज्येष्ठमध चघळ, गुरुजी म्हणतात रियाज सोडू नकोस. दिवाळी पहाटेला मंडळात माझी दोन गाणी आहेत. आवाज गेलाच का हो?

उत्तर : गेला असं धरून बसू नका, पण घरी बसून वाट बघायची मुदतही संपली. पूर्ण भूल देताना बहुधा श्वासनलिकेत नळी घालतात, ती दोन स्वरतंतूंच्या मधूनच आत जाते. घसा बसतो, खवखवतो आणि बहुतेकांचा आठवडाभरात सुटतो. दोन-तीन आठवडे उलटले की नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचंच. कधी नळी टेकते तिथे मागच्या बाजूला छोटी गाठ येते, क्वचित एखादा तंतू नीट हलत नाही. बोलण्यात हे लपून जातं. वरचा स्वर हलक्या आवाजात लावला की उघडं पडतं. स्ट्रोबोस्कोपीची सोय असलेले डॉक्टर गाठा, त्यात तंतूंचं कंपन दिसतं. डिस्चार्जचा कागद न्या आणि ‘मी गाते’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

ज्येष्ठमध चघळा, पण तो अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. बीपी असेल तर तोही नको. गुरुजींचं म्हणणं मला आत्ता पटत नाही. तपासणी होईपर्यंत तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, हात लावू नका. खाकरणं बंद, कुजबुजून बोलणंही बंद. त्यानं घसा उलट ताणला जातो. डॉक्टरांनी हो म्हटलं की अर्धा पेला पाण्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवा आणि मध्य सप्तकातच ‘ऊ’ धरून बुडबुडे काढा. दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बघणारे हसतील, हसू द्यात.

पोटाचंही बघा. टाके दुखतील म्हणून श्वास छातीतच अडकतो आणि दोष गळ्यावर जातो. पोटातून जोर लावून कधी गायचं ते सर्जनला विचारा.

मंडळाला आजच कळवा. एक गाणं कोरसला द्या, दुसरं काळी चारच्या पट्टीत असेल तर एक स्वर खाली, काळी तीनमध्ये घ्या. पेटीवाले कुरकुरतील, पण वाजवतील. आणि पुन्हा कधी भूल घ्यायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा की तुम्ही गाता. बारीक नळी चालेल का, नळीशिवाय भागेल का, ते बघतील.