नॉर्मल की सिझर, त्याआधी लघवीचं बोलू

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला, मी नाइटला होते म्हणून लगेच वाचला, पण दोन ओळीत उत्तर द्यायची गोष्ट नव्हती ती, म्हणून आज घरी बसून सगळं लिहितेय. पाचवा लागलाय तुला, सासूबाई म्हणतात या वेळी सरळ सिझर करून टाक, डॉक्टर म्हणतात दोन्ही चालेल तुम्ही ठरवा, नवरा म्हणतो तू म्हणशील तसं, आणि तुला रात्री झोप लागत नाही कारण मागच्या वेळी बाळंतपणानंतर लघवी अडली होती ते दहा दिवस आठवतात, पायाला बांधलेली युरोबॅग, म्हणजे नळीची लघवीची पिशवी, गाऊनखाली लपवून बारशाला बसलीस ते. हे तू कोणालाच सांगितलं नव्हतंस ना? मला लिहिलंस ते बरं केलंस.

मी तुला हे कधी सांगितलं नव्हतं, पण माझंही झालंय हे सगळं. 2003 साली, मोठीच्या वेळी. पेनलेस डिलिव्हरी घेतली होती, शेवटी चिमटा लावून काढली तिला, टाके पडले, बाळ छान होतं, सगळे पेढे वाटण्यात. मला लघवीची जाणीवच नव्हती. सात तास गेले, आठ गेले. मध्ये एकदा उठून बाथरूमला गेले, नळ सोडला, थेंब थेंब आली, सिस्टरने विचारलं झाली का, मी म्हटलं झाली. तिने पेपरवर लिहिलं, झाली. रात्री पोट इतकं कडक झालं की हात लावू देईना, बेंबीच्या वर आणि उजवीकडे सरकलेला गोळा, एकजण म्हणाली गर्भपिशवी अजून आकसली नाही. आकसणार कशी, खाली मूत्राशय तुडुंब भरून तिला वर ढकलत होतं. शेवटी नळी घातली तेव्हा अकराशे मिली निघाली. मी डोळ्यांनी बघितली ती पिशवी भरताना. आणि मी स्वतः तेव्हा सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स, प्रोस्टेटच्या किती आजोबांना मी नळ्या घातल्या असतील, पण स्वतःचं अडलंय हे मला कळलं नाही गं, कारण बाळंतिणीला असं होतं हे तेव्हा माझ्या डोक्यातच नव्हतं.

त्याचं कारण समजून घे, म्हणजे भीती थोडी कमी होईल. एपिड्युरलने, म्हणजे पेनलेससाठी कमरेत देतात त्या इंजेक्शनने, लघवीची जाणीव जाते. बाळाचं डोकं बराच वेळ खाली अडकलं, बाळ ओढायला वाटी (व्हॅक्यूम) किंवा चिमटा लागला, की तिथल्या नसा दबतात, टाक्यांची सूज येते. आणि नेमकं त्याच वेळी सलाइन गेलेलं असतं, शिवाय गरोदरपणात साठलेलं पाणी शरीर बाहेर टाकायला लागतं, म्हणजे मूत्राशय एरवीपेक्षा भराभर भरतं. एरवी आपलं 400-500 मिलीला बस्स म्हणतं. ते हजारावर ताणलं गेलं की त्याचा स्नायू फुगून सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखा होतो, मग नळी काढली तरी आकसत नाही. म्हणून बाळंतपणानंतर सहा तासांत लघवी झालीच पाहिजे, आणि झाली म्हणजे किती झाली हे मोजलं पाहिजे. थेंब थेंब येणं म्हणजे होणं नव्हे, ते भरलेल्या टाकीवरून सांडणं असतं.

घरी मी सव्वा महिना स्वतःच्या हाताने नळी घालत होते, दिवसातून चारदा. आईला वाटायचं किती वेळ लागतो हिला बाथरूममध्ये. एक जुनी डायरी होती त्यात लिहायचे, सकाळी 7, आपोआप 150, नळीने 280. मग आपोआपचा आकडा वाढत गेला, नळीचा कमी होत गेला, आणि एका शुक्रवारी नळीने फक्त 60 आली. ती डायरी अजून आहे माझ्याकडे.

आता तुझ्याबद्दल. तू लिहिलंयस 'लघवीचा प्रॉब्लेम', पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तू त्या एकत्र केल्यायस. एक म्हणजे अडली होती, ती दहा दिवसांत सुटली. दुसरी म्हणजे खोकलं, शिंकलं, पोरीला उचललं की थोडी सुटते, ती तीन वर्षं चालू आहे. निर्णय घेताना या दोन्हींचं वजन वेगवेगळं आहे.

अडण्याच्या भीतीने सिझर करू नकोस, हे मी स्पष्टच सांगते. सिझरमध्येही कमरेत इंजेक्शन असतं, नळी घालतातच, ती काढल्यावर तिथेही लघवी अडू शकते. उलट दुसरं बाळंतपण बहुतेक वेळा लवकर होतं, जोर लावायचा वेळ कमी, वाटी-चिमट्याची गरज कमी, म्हणजे मागच्या वेळची निम्मी कारणं तशीच गळून जातात. राहतं ते लक्ष ठेवणं, आणि ते आपल्या हातात आहे.

सुटण्याचं मात्र एवढं सोपं नाही. नॉर्वेत पंधरा हजारांवर बायकांचा एक मोठा अभ्यास झाला, 2003 मध्ये छापून आला. ज्यांना मूल झालंच नाही त्यांच्यात शंभरात 10 जणींना लघवी सुटायची, फक्त सिझर झालेल्यांमध्ये 16, नॉर्मल झालेल्यांमध्ये 21. म्हणजे सिझरने फरक पडतो, नाही असं नाही, खोकताना सुटते त्या प्रकारात तर जास्त पडतो, पण पोटात नऊ महिने ओझं वागवण्याचाच वाटा मोठा आहे, आणि पन्नाशीनंतर तो फरकही जवळजवळ उरत नाही. शिवाय तुझी पहिली नॉर्मल झालेली आहे, जे ताणायचं ते बरंचसं पहिल्या वेळीच ताणलं जातं, आता सिझर केलं म्हणून ते मागे जाणार नाही. सिझरने तुझं सुटणं बरं होईल असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. वाढण्याची शक्यता थोडी कमी होईल, इतकंच. आणि त्या बदल्यात पोटावर ऑपरेशन, मोठीला काही आठवडे उचलायचं नाही, पुढे तिसऱ्याचा विचार असेल तर वार जुन्या टाक्यांवर चिकटण्याचा धोका, आणि तशी चिकटली तर मूत्राशयालाच इजा होऊ शकते. ज्याला वाचवायला निघालो त्यालाच.

पण काही बायकांना मी स्वतः सांगेन की सिझरच कर. जिला कळा अडून मूत्राशय आणि योनीमार्गात छिद्र पडलं होतं आणि ते शिवलंय, तिने. जिचं सुटण्यावर ऑपरेशन झालंय तिने आधी त्याच सर्जनला विचारून. जिच्या टाक्याची चीर मागे शौचाच्या स्नायूपर्यंत गेली होती आणि अजून गॅस धरवत नाही, तिनेही विचार करावा. बाळ खूप मोठं दिसत असेल, आडवं असेल, ती कारणं वेगळी. आणि अजून एक कारण मी धरते, काही जण धरत नाहीत. मागच्या वेळेच्या भीतीने एखादीला कळा या शब्दानेच घाम फुटत असेल, समजावूनही ती भीती जात नसेल, तर तिला सिझर मागायचा हक्क आहे, आणि तिला भित्री म्हणणाऱ्या बायकांचा मला राग येतो. तुझ्या मेसेजमध्ये मला तेवढी भीती दिसली नाही, पण मी चुकत असेन तर सांग, लाजू नकोस.

आपल्याकडे सिझरचा निर्णय कधी कधी दवाखाना बघून होतो हेही डोक्यात ठेव. 2019-21 च्या सरकारी पाहणीत देशभरात खाजगी दवाखान्यांत शंभरातली 47 बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत 14. दोन्हीकडच्या बायकांचे देह काही इतके वेगळे नसतात. म्हणून कोणीही सिझर म्हटलं की एकच विचार, माझ्या बाबतीत का? खाजगीतलं पटलं नाही तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, तिथे जाऊन दुसरं मत घे, त्यात कमीपणा नाही.

मी दुसऱ्या वेळी, 2007 ला, नॉर्मल केलं. पण तयारी करून. आठव्या महिन्यात डॉक्टरांना सगळं लिहून दिलं आणि केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून घेतलं, मागच्या वेळी लघवी अडली होती, दर तीन तासांनी बघणे. कळांमध्ये जाणीव असो नसो, तीन तासांनी उठले, नाहीच झाली तेव्हा एकदा नळीने काढली आणि नळी लगेच काढून टाकली. बाळ झाल्यावर माझ्या बहिणीने घड्याळ बघितलं. ती माप असलेला प्लास्टिकचा जग घेऊन बसली होती, स्वयंपाकघरातलाच, नवीन आणलेला. चार तासांनी गेले, 350 भरली. ती बाथरूमच्या दारातच रडायला लागली. मग सोनोग्राफीत बघितलं, आत 40 राहिली होती.

तू पण हेच कर. बाळंतपणात सोबत बाई ठेवायला सरकारी दवाखान्यातही 2016 पासून परवानगी आहे, पण ती अशी निवड जी तुझ्याकडे बघेल, सगळे बाळाकडे बघत असतात. पेनलेस घ्यायचं असेल तर जरूर घे, कळा सोसण्यात काही पुण्य नाही, फक्त नळीचं वेळापत्रक आधी बोलून ठेव. आणि माहेरी गेलीस की पाणी कमी पी म्हणतील, बाळंतिणीला वारा लागतो, पोट सुटतं वगैरे, ते ऐकू नकोस, तहानेला पाणी पी. पोटपट्टा करकचून बांधू देऊ नकोस, तो दाब खालीच जातो. डिंकाचे लाडू खुशाल खा, फक्त बद्धकोष्ठ होऊ देऊ नकोस, कुंथण्यानेही खालचे स्नायू ढिले पडतात.

व्यायाम आजपासून. गॅस धरतो तसं आतून वर ओढायचं, पोट आणि मांड्या सैल, श्वास चालू, आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. आणि प्रत्येक ओढीनंतर तितकंच पूर्ण सोडायचं, हे तुला जास्त महत्त्वाचं कारण तुझी अडलेली आहे, नुसतं आवळायला शिकलीस तर सोडायचं विसरशील. लघवी चालू असताना मध्येच थांबवून सराव करू नकोस. शिंक येतेय असं वाटलं की आधी ओढ मग शिंक, हे एक जमलं ना तरी पंधरा दिवसांत फरक दिसतो. पेल्व्हिक फ्लोअरची फिजिओथेरपिस्ट जवळपास मिळाली तर एकदा दाखवच, बऱ्याच जणींचं ओढणं चुकीचं असतं, खाली ढकलत असतात आणि त्यांना कळत नाही.

आणि निर्णयाआधी दोन तपासण्या करून घे. लघवीचं कल्चर, कारण गरोदरपणात इन्फेक्शन लपून असतं आणि त्यानेही सुटते. आणि पुढच्या सोनोग्राफीत त्यांना सांग, लघवी करून आल्यावर आत किती राहते ते बघा, पीव्हीआर म्हणतात त्याला, दोन मिनिटांचं काम आहे. ते नीट निघालं तर माझं मत नॉर्मलकडे. जास्त राहत असेल तर आपण परत बोलू, युरोलॉजिस्टला पण विचारू.

आणि मागच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड शोध. वाटी किती वेळा लावली, चीर कितपत गेली, नळी घातली तेव्हा किती मिली निघाली, हे त्यात असायला हवं, नसेल तर दवाखान्यात अर्ज देऊन केसपेपरची कॉपी माग, तुझा हक्क आहे तो. सापडलं की फोटो पाठव. शनिवारी मला सुट्टी आहे, दुपारी पोरगी झोपली की फोन कर.

तुझी,
मावशी