जुनं बिल्ड कॉन्फिग साफ करायला घेताय? आधी एवढं करा

बिल्ड कॉन्फिगची, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम कसा बनवायचा (बिल्ड) हे सांगणारी, फाइल उघडली की दिसेल ते उडवायचा मोह होतो. थांबा. रेपो (प्रोजेक्टचा सगळा कोड) नव्या फोल्डरमध्ये क्लोन करा आणि कॅश, म्हणजे आधीच्या बिल्डचे साठवलेले तुकडे, न वापरता बिल्ड चालवा. हा बिल्डच पडत असेल तर आधी तो उभा करा, नाहीतर नंतर काय तुमच्यामुळे मोडलं आणि काय आधीच मोडलेलं होतं, हे कळायला मार्ग राहत नाही.

मग वॉर्निंग वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण काय साफ करायचं त्याची निम्मी यादी तिथेच मिळते. ग्रेडल या बिल्ड टूलमध्ये डिपेंडन्सीपुढे (प्रोजेक्टला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररीपुढे) लिहायचं 'कंपाइल' 7.0 पासून गेलं; त्या जागी 'इम्प्लिमेंटेशन' लिहा. सीमेक या दुसऱ्या बिल्ड टूलच्या फाइलीत किमान आवृत्ती 2.8 असेल, तर सीमेक 4.0 थेट एरर देतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- साफसफाई आणि आवृत्ती वाढवणं एकाच कमिटमध्ये कोंबतात. वेगळं ठेवा, म्हणजे बिघडलं तर तेवढंच मागे घेता येतं.
- कोडमध्ये नाव सापडलं नाही की फ्लॅग (बिल्डला दिलेला पर्याय) काढून टाकतात. तो बऱ्याचदा फक्त सीआयच्या (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या सेवेच्या) स्क्रिप्टमध्ये किंवा रिलीज बिल्डमध्ये वापरलेला असतो. गिट ब्लेम (कुठली ओळ कोणी, कधी बदलली ते दाखवणारी कमांड) बघा, रिलीज बिल्डही चालवून बघा.
- 'पुढे लागेल' म्हणून ओळी कॉमेंट करून ठेवतात. गिट आहे ना! सरळ काढा.

पहिल्या पुल रिक्वेस्टसाठी (बदल सामील करून घ्या, या विनंतीसाठी) आता वापरात नसलेल्या सीआयची उरलेली फाइल काढायला घ्या. छोटं काम आहे, रिव्ह्यूही पटकन होईल.