जुनं काळं शिलाई मशीन घरी दुरुस्त करून त्यावर क्विल्टिंग जमेल का, की सरळ नवीनच घ्यावं?

जमेल. पण तुम्ही जे लिहिलंय, की मशीन काळं, लोखंडी, फक्त सरळ टीप मारणारं, आधी कापडाखाली दोऱ्याचा गुंता व्हायचा म्हणून बाजूला ठेवलं आणि आता तर चाकच फिरत नाही, मोटर आहे पण लावून बघायची भीती वाटते, त्यात खरं तर दोन वेगळे प्रश्न आहेत. तुकडे जोडायला असं मशीन नव्यापेक्षा सरस, हे माझं ठाम मत. तिन्ही थर, म्हणजे वरचं जोडलेलं कापड, मधलं भरण आणि खालचं अस्तर, एकत्र घेऊन मोठी गोधडी टिपायला मात्र ते चालतं पण कुठे कुठे अडतं, ते पुढे सांगते. जुनी मशीन सोडवून परत चालू करायचा मला नादच आहे त्यामुळे उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे प्लग लावू नका. जुन्या वायरीवरचं रबर वाळून तडकलेलं असतं, वाकवलं की भुगा पडतो आणि आतली तार उघडी दिसते. तशी दिसली तर वायर बदलून घ्या, आणि मोटरवरच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा, कारण ११० व्होल्टचं मशीन २२० वर लावलं तर मोटर जळते. हे होईपर्यंत सगळं काम हाताने चाक फिरवूनच करायचं, तसंही मशीन कुठे अडतंय हे हातालाच कळतं.

चाक जाम झालंय म्हणजे मशीन मेलं असं नाही. बहुतेक वेळा आत तेल वाळून त्याचा पिवळट चिकट थर झालेला असतो, नाहीतर शटलच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याशी टाका गुंफणाऱ्या भागाच्या, मागे दोऱ्याचा तुकडा अडकलेला असतो. चाकाला जोर लावू नका. आधी सुई काढा, सुईखालची प्लेट काढा, बॉबिन केस काढा आणि टॉर्च मारून बघा. दोरा दिसला तर चिमट्याने ओढा. मग मशीन मागे कलवून खाली जिथे जिथे धातूवर धातू घासतो तिथे शिलाई मशीनचं तेल एकेक थेंब, वरच्या भोकांत पण, आणि डाव्या बाजूचं झाकण उघडून सुईच्या दांड्यावर. एक दिवस तसंच ठेवा. तरी हललं नाही तर त्या जागी हेअर ड्रायरने गरम करा, वाळलेलं तेल मऊ पडतं, आणि चाक केसभर पुढे केसभर मागे असं नुसतं डुलवत राहा. आधी काहीच होत नाही, मग जरासं लचकतं, मग अर्धा फेरा जातं आणि सांध्यातून काळपट तपकिरी घाण बाहेर यायला लागते, ती पुसायची आणि परत थेंब टाकायचा. फारच घट्ट असेल तर सांध्यावर थोडं रॉकेल चालतं पण नंतर ते पुसून तेल द्यावंच लागतं, रॉकेल वंगण नाही. गंज सोडवायच्या स्प्रेचंही तेच, सोडवायला ठीक, तेल म्हणून नाही. आणि खाद्यतेल किंवा खोबरेल कधीच नको, त्याचाच पुढे असा डिंक होतो.

बाहेरून पुसताना स्पिरीट, अमोनियावालं काच पुसायचं पाणी वगैरे लांब ठेवा. त्या सोनेरी नक्षीवर बहुतेक शेलॅकचा थर असतो, स्पिरीट लागलं की तो विरघळतो आणि नक्षी फडक्यावर येते. मशीनचंच तेल आणि सुती फडकं, बस.

आता एक गंमत जी खूप जणांना छळते. चाकाच्या मधला जो मोठा गोल स्क्रू असतो, बॉबिन भरताना सुई थांबवायला आपण सैल करतो तो, साफ करायला काढला की आत एक वॉशर मिळतं, बाहेर तीन दाते आणि आत दोन कान असलेलं. (त्या मोठ्या स्क्रूच्या तोंडावर एक बारीक स्क्रू असतो, तो आधी सैल करा, नाहीतर मोठा पूर्ण बाहेर येणारच नाही.) सगळं परत बसवल्यावर मोठा स्क्रू कितीही फिरवा, सुई सुटतच नाही किंवा पकडच येत नाही, आणि लोक समजतात काहीतरी तुटलं. काही तुटलेलं नसतं, ते वॉशर अर्धा फेरा फिरवून बसवा, झालं.

मग गुंता. खाली दोऱ्याचं घरटं झालं की सगळे बॉबिनला दोष देतात, पण बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते, तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण धरणाऱ्या, दोन चकत्यांच्या मध्ये बसलेलाच नसतो. दोरा ओवताना दाबाचा पाय वर हवा कारण तेव्हाच चकत्या उघडतात, आणि टेन्शन तपासताना पाय खाली हवा. चकत्यांमधून एक सुती चिंधी दात साफ करतो तशी फिरवा, आतून काळं काहीतरी निघेल. बॉबिन केसच्या पातळ पत्तीखाली पण कापसाचा बुरा दाबून बसतो आणि खालचा दोरा ढिला पडतो, जाड कागदाचा कोपरा आत सरकवून तो काढा. हे सगळं झाल्याशिवाय टेन्शनचा एकही स्क्रू फिरवू नका, हे माझं कळकळीचं सांगणं, कारण घाणीमुळे बिघडलेला टाका लोक स्क्रू फिरवून सुधारायला जातात आणि मग मशीन साफ झाल्यावर काहीच जागेवर राहत नाही.

सुई नवी घाला. बहुतेक घरगुती जुन्या मशीनना आजचीच साधी सुई लागते, पाकिटावर १५ एक्स १ किंवा १३०/७०५ एच लिहिलेलं असतं, पण फार जुन्या काही मॉडेलना वेगळी लागायची, म्हणजे सिंगर १२ ला १२ एक्स १. सुई कुठल्या तोंडाने लावायची हे मशीनगणिक बदलतं, सिंगर २२१ वर सपाट बाजू डावीकडे आणि दोरा उजवीकडून डावीकडे. तुमच्याकडे पुस्तिका नसेल तर सुईच्या अगदी वर दोरा अडकवायचा जो शेवटचा हूक असतो तो कुठल्या बाजूला आहे ते बघा, सुईची लांब खाच त्या बाजूला आणि दोरा त्याच बाजूने ओवायचा. उलटी सुई लागली असेल तर टाका पडतच नाही आणि कोणीतरी लगेच सांगतं की टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ, गेलं. या लोखंडी मशीनचं टायमिंग असं आपोआप सहसा जात नाही, आधी सुई बघा.

मोटरचं एवढंच की सिंगर १५-९१ आणि २०१-२ सारख्या मशीनमध्ये मोटर मशीनच्या अंगातच असते, पट्टा नाही, सरळ गिअरवर चालते, तिच्या नळ्यांत ग्रीस भरतात, तेल नाही. तेल घातलं तर ते आत उतरून मोटर खराब करतं. बाहेर टांगलेली पट्ट्यावाली मोटर असेल तर सोपं, काढून दुसरी लावता येते. आणि पायाखालचं पेडल गरम व्हायला लागलं किंवा पाय उचलल्यावरही मशीन चालत राहिलं तर लगेच प्लग काढायचा.

इथपर्यंत आलात की खरी मजा. तुकडे जोडायला ही मशीन का चांगली, तर सुईच्या प्लेटला एकच बारीक गोल भोक असतं. झिगझॅग मशीनच्या रुंद भोकात तुकड्याचा कोपरा सुरुवातीलाच आत ओढला जातो, इथे जात नाही, आणि सुई डावी-उजवी हलतच नाही म्हणून टीप सरळ. रिव्हर्स नसेल तरी बिघडत नाही, पॅचवर्कमध्ये एका शिवणीवरून पुढची शिवण जाते, टोकं आपोआप अडकतात. टाका साधारण २ मिलिमीटर ठेवा, इंचाला १२ च्या आसपास. पाव इंचाच्या शिवणीसाठी सुईच्या उजवीकडे मशीनच्या पाटावर स्क्रूची दोन भोकं असतील, तिथे जुन्या पद्धतीची लोखंडी गाईड बसते, ती लावा. आणि तपासायचं असं: दीड दीड इंचाच्या तीन पट्ट्या कापा, जोडा, इस्त्री करा, मधली पट्टी बरोब्बर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर गाईड सुईकडे केसभर सरकवा, कारण इस्त्रीने शिवण उलटताना दोऱ्याची जाडी पण थोडी जागा खाते. यात कंटाळा करू नका, पाव इंच चुकलं की पुढे ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून झालेले चौकोन, एकमेकांना जुळत नाहीत.

तिन्ही थर टिपताना तीन ठिकाणी अडतं. एक, हाताखालची जागा. गुंडाळलेली गोधडी तिथे मावायला हवी आणि छोट्या मशीनमध्ये ती मावत नाही. सिंगर ९९ म्हणजे ६६ चा पाऊणपट आकार, आणि १९३३ ला आलेलं सिंगर २२१, सगळे फेदरवेट म्हणतात ते, जेमतेम ५ किलोचं, क्विल्टवाल्यांचं फार लाडकं, पण तुकडे जोडण्यासाठी लाडकं, डबलबेडची गोधडी त्यात कोंबणं म्हणजे मारामारी. यावर उपाय म्हणजे एकेक ब्लॉक भरण आणि अस्तरासकट आधीच टिपून घ्यायचा आणि मग ते जोडायचे. शिवाय मशीन टेबलात खाली बसवलेलं असेल, पाट आणि टेबल एका पातळीत, तर फारच बरं, नाहीतर खाली लोंबणारं वजन कापड ओढतं, टाके बारीक पडतात, सुई वाकते.

दोन, वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही खालच्याबरोबर सरकवणारा दाबाचा पाय. बहुतेक जुन्या काळ्या मशीनना आजचा लो शँकवाला, म्हणजे आखूड दांड्याचा, बसतो, पण नवीन पाय कापड पुढे सरकवणाऱ्या रुंद दात्यांसाठी बनवलेला असतो आणि या मशीनचे दाते अरुंद, मग पायाचे दात खालच्या दात्यांवर न पडता प्लेटवर घासतात. अरुंद दात्यांसाठीचा वेगळा मिळतो, तो घ्या. तो मिळेपर्यंत डाव्या बाजूचा वरचा दाबाचा स्क्रू थोडा सैल करा म्हणजे वरचं कापड पुढे ढकललं जात नाही आणि चुण्या पडत नाहीत.

तीन, फ्री मोशन, म्हणजे कापड हाताने हवं तसं फिरवत टिपणं. १५-९१ आणि २०१ चे दाते मशीनखालचा स्क्रू सैल करून खाली जातात, २२१ चे जात नाहीत, तिथे दात्यांवर झाकणपट्टी लावायची किंवा टाक्याची लांबी शून्यावर आणायची. पायमशीन असेल तर माझ्या मते फ्री मोशनला त्यासारखं काही नाही, दोन्ही हात कापडावर आणि वेग पायात, फक्त चाक उलटं जाऊ देऊ नका, दोरा तुटतो. हाताने फिरवायचं मशीन असेल तर एक हात दांड्यावरच जातो, ते तुकडे जोडण्यापुरतंच ठेवा.

म्हणून नवीन लगेच घेऊ नका. मोठ्या गोधड्यांवर नागमोडी फ्री मोशन सारखं सारखं करायचं असेल तरच पुढे रुंद जागेचं एखादं बघा, आणि तेव्हाही तुकडे जोडायला हेच ठेवा. चाक सुटलं की प्लेट काढून खालचा एक फोटो आणि नंबराच्या पट्टीचा एक फोटो इथे टाका. सिंगर असेल तर नंबरावरून साल काढता येतं, नंबराआधी एक अक्षर असेल तर १९०० ते १९३५ मधलं, दोन असतील तर त्यानंतरचं, आणि बॉबिन गोल आहे की लांबट नळीसारखी हे दिसलं की कुठली बॉबिन मागवायची ते सांगते.