‘सँड’ म्हणजे फक्त वाळूच का?

तुमचे प्रश्न दोन: सँड म्हणजे वाळू, तर डिक्शनरीत त्याचं क्रियापद कसं? आणि ‘ग्रीन सँड’ म्हणजे हिरवी वाळू का? दुसरा आधी घेतो, कारण कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, माझी बरीच वर्षं त्याच सँडमध्ये गेली.

ग्रीन सँड म्हणजे ओतकामाचे साचे करायची वाळू, आणि ती काळीकुट्ट असते. सिलिका वाळू, बेंटोनाइट नावाची चिकणमाती, कोळशाची पूड आणि थोडं पाणी. ग्रीन म्हणजे इथे ओलसर, न भाजलेली. मूठभर घेऊन घट्ट दाबायची. मूठ उघडल्यावर लाडवावर बोटांचे वळ स्पष्ट दिसले पाहिजेत आणि तो मोडला तर कडा ढासळता कामा नयेत. पाणी जास्त झालं, तर साच्यात वितळलेल्या धातूचा रस ओतल्यावर वाफ कोंडते आणि कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लो होल (पोकळ भोकं) पडतात. लॅबचा रिपोर्ट यायच्या आत साचे करणारा जुना मोल्डर हे मुठीत ओळखतो.

आमच्याकडे झिरकॉन सँड आणि क्रोमाइट सँडही वापरतात, ही त्या-त्या खनिजांची. ही कुठल्या नदीतली वाळू नाही. गोम इथेच आहे. मराठीत वाळू म्हटलं की नदीचं पात्र डोळ्यांपुढे येतं, नाहीतर कोकणातली पुळण. इंग्रजीत सँड हे बरंचसं मापाचं नाव आहे. भूशास्त्रात ०.०६२५ ते २ मिलिमीटरचा कण म्हणजे सँड, मग तो कशाचाही असो. म्हणूनच क्रशरवर दगड फोडून केलेल्या भुग्यालाही एम-सँड (मॅन्युफॅक्चर्ड सँड) म्हणता येतं.

आता क्रियापद. ‘टू सँड’ म्हणजे पॉलिश पेपरने घासणं. सँडपेपरवर हल्ली वाळू नसते, बहुतेकदा ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं. (नंबर जेवढा मोठा तेवढा पेपर बारीक, नवखा सुतार इथे हमखास फसतो.) सँड ब्लास्टिंगचंही, म्हणजे जोरदार फवाऱ्याने कण मारून पृष्ठभाग साफ करण्याचंही, तेच. वाळूच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, म्हणून ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कास्टिंग साफ करायला फवाऱ्यात वाळू वापरणं बंद केलं. आमच्या मशीनमध्ये पोलादी छर्रे असतात, तरी जुनी माणसं त्याला सँड ब्लास्टिंगच म्हणतात.

अनेकवचनी ‘सँड्स’ म्हणजे वाळूचा किनारा किंवा वाळवंट. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी बोलीत सँड म्हणजे धमक, असाही अर्थ होता. आता तो जुन्या पुस्तकांतच भेटतो.

आणि सँडविच? हसू नका, त्यात खरोखर सँड आहे. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात सँडविच गाव आहे. नावाचा अर्थ साधारण ‘वाळूवरची वस्ती’. त्या गावाच्या नावाची सरदारकी मिळालेल्या घराण्यातल्या चौथ्या अर्लवरून खाण्याच्या पदार्थाला नाव पडलं. सँडलवूडमध्ये मात्र वाळू शोधू नका, तो आपला चंदन आहे. अरबी, ग्रीक, लॅटिन असा फिरत तिकडे पोचलेला.