पहिल्यांदा पीसी जोडताय? आधी सॉकेट जपा

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे मदरबोर्डवरचा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा. एलजीए १७०० या इंटेलच्या सॉकेटमध्ये १७०० पिना असतात, केसासारख्या बारीक. प्रोसेसर कडेने धरा, कोपऱ्यातला त्रिकोण आणि खाचा जुळवा, सरळ वरून अलगद ठेवा. ठेवल्यावर सरकवू नका. सरकवलात की पिना आडव्या झाल्याच. सॉकेटची लिव्हर दाबताना थोडा जोर लागतो, तो लागू द्या. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण फेकू नका, वॉरंटीसाठी बोर्ड पाठवताना ते लावावं लागतं.

एएम४ या एएमडीच्या सॉकेटचं उलटं, तिथे पिना प्रोसेसरच्या खाली. प्रोसेसर थंड ठेवणारा जुना कूलर काढायचा तर आधी पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवून दोघांमधली थर्मल पेस्ट गरम करा, मग बंद करून, प्लग काढून, कूलर हळूच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ ओढलात तर लॉक असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो.

पॉवर सप्लाय बदललात तर जुन्या मॉड्युलर (सप्लायपासून सुट्या होणाऱ्या) केबल्स काढून टाका, अगदी त्याच कंपनीच्या असल्या तरी. सप्लायच्या बाजूच्या पिनांची रचना सगळीकडे सारखी नसते. कनेक्टर बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की एसएसडी आणि हार्ड डिस्क एका क्षणात जातात. डेटासकट.

कॅबिनेटमधले स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे धातूचे खुंट, बोर्डाच्या भोकांशी मोजून जुळवा; एखादा जास्तीचा राहिला तर बोर्डाच्या मागून शॉर्ट सर्किट.

आणि हो, कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म काढा. हसू नका, भलेभले विसरतात.