पतियाळाचं मोनोरेल इंजिन एका रुळावर पडत कसं नाही?

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातलं हे इंजिन नुसत्या रुळावर उभं नाहीच. बाजूला काढलेलं मोठं चाक थेट रस्त्यावर टेकतं, तोल तेच सांभाळतं. सुमारे ९५ टक्के भार मात्र रुळावरच्या चाकांवर. त्यांना दोन्ही बाजूंनी कडा असल्यामुळे ती घसरत नाहीत. ही यूइंग पद्धत. रस्त्याच्या कडेला एकच रूळ टाकला की भागतं, दोन रुळांतलं अंतर जपायची कटकट नाही.

पतियाळा संस्थानात कर्नल बोल्स यांनी १९०७ च्या सुमारास ही लाइन उभारली. चार इंजिनं बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची, तरी बरीचशी ओढाओढ खेचरांकडेच! मोटारी आल्या आणि १९२७ मध्ये गाशा गुंडाळला. १९६२ मध्ये इंजिन भंगारात सापडलं, अमृतसरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये पुन्हा चालतं केलं.